पाठीवरचं तेल

नीसान महिना, वल्हांडण सणानंतरचा दुसरा आठवडा

धाकट्या अकमेला थोरल्या शलमतचा प्रभूच्या नावाने सलाम, आणि दोन्ही गालांवर पापे.

तू खुशाल आहेस ना? गुडघे कसे आहेत? समुद्राची दमट हवा सांध्यांना वाईट, हे मी तुला लग्नातच सांगितलं होतं, पण तेव्हा तुला नवऱ्याच्या जहाजाचं कौतुक. इथे जव चांगला आला आहे. नदीवरचा मोठा रहाट याही वर्षी मोडला आणि दोन्ही काठांचे बागवाले एकमेकांच्या अंगावर धावून गेले. अंजिराला फळ धरलं आहे. माझं पोट ठीक, झोप कमी. म्हणजे सगळं बरं आहे असंच म्हणायचं.

अक्षर वाकडंतिकडं दिसेल. एरवी मी लेखनिकाला बोलावते, या वेळी नाही बोलावलं. वडिलांनी कापडाच्या गाठींवर खुणा करायला आपल्याला अक्षरं शिकवली होती, ती या वयात उपयोगी पडली. तूही हे स्वतःच वाच. कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

हे पत्र घेऊन आलेली, लांब केसांची, सडपातळ बाई म्हणजे माझी सून हदीरा. मलकूच्या लग्नाला तू आली नव्हतीस, म्हणून तुला तिचं तोंड माहीत नाही. तिला तुझ्याकडे ठेवून घे. किती दिवस आणि का, ते पुढे लिहिते. ती फार खात नाही, पण मसुराची आमटी लसूण घालून केलीस तर दुसऱ्यांदा मागते. झोपायला तिला मऊ अंथरूण दे आणि पालथी झोपली तर विचारू नकोस.

तिच्याबरोबरची उंच, मोठ्या हातांची बाई ती तम्मा, आमच्या ख्रिस्ती मंडळीची सेविका. तिला पाय धुवायला पाणी दे, जेवू घाल, एक दिवस विश्रांती दे आणि परत पाठव. पाहुणीचं जे करायचं ते सगळं कर, फक्त तिचं कौतुक करत बसू नकोस. तिचं कौतुक करायला इथे माणसं भरपूर आहेत.

आता तुला वाटेल, शलमत या बाईवर का जळते? जळते, बाई. खोटं कशाला बोलू? सगळं सांगते, मग तूच ठरव.

नवरा गेल्यावर मी मंडळीच्या सेवेतल्या विधवांत नाव दिलं, हे तुला माहीत आहे. बायकांचा बाप्तिस्मा असला की तेल लावायचं काम माझं. पुरुष पडद्याबाहेर. बिशप बाहेरूनच प्रार्थना म्हणणार, आणि आत पाण्याच्या टाक्याजवळ ती बाई आणि मी, दोघीच. अंगावरचा दागिना काढायचा, गंडादोरा काढायचा, केस मोकळे सोडायचे, जन्माला आलो तसं उभं राहायचं. मग मी डोक्यापासून तळव्यांपर्यंत तेल चोळणार. तिळाएवढी जागा सुटता कामा नये. कोरडी जागा राहिली तर तिथून सैतान परत शिरतो, असं आमच्या जुन्या बायका म्हणायच्या आणि मीही म्हणते. या गावातल्या निम्म्या बायका माझ्या हाताखालून पाण्यात उतरल्या आहेत. कुणाला कुठे डाग आहे, कुणाच्या पोटावर काय खुणा आहेत, सगळं मला ठाऊक, आणि मी कधी कुणाचं कुणाला सांगितलं नाही. निदान फारसं नाही.

गेल्या हिवाळ्यात बिशप झबदांनी मला बोलावलं. म्हणाले, "शलमत, विधवा म्हणजे देवाची वेदी. वेदी एका जागी असते. तू आता घरी बसून सगळ्यांसाठी प्रार्थना कर."

मी म्हटलं, "बाबा, या वेदीचे पाय अजून चांगले चालतात."

"पाय चालतात गं. हात कापतात."

कापतात, खरं आहे. पण तेल चोळायचं असतं, सुईत दोरा ओवायचा नसतो! ते काही ऐकेनात. तम्माच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली, तिला सेविका केलं, आणि तेलाचं शिंग माझ्याकडून घेऊन तिला दिलं. ते शिंग मी दर वल्हांडणाला राखेने घासून चकचकीत करत असे. तिच्याकडे गेल्यावर ते पहिल्यापेक्षा जास्त चमकायला लागलं, याचाही मला राग आला.

तम्माने लग्न केलेलं नाही. वय तिशीच्या पुढे, दात अजून सगळे जागेवर. आजारी बायकांना आंघोळ घालते, ज्या घरात फक्त बाईनेच प्रभूवर विश्वास धरला आहे त्या घरी जाऊन तिच्याजवळ बसते, बाळंतिणीचं करते. आणि बायका काय म्हणतात ठाऊक आहे? "तम्माचे हात काय आहेत गं, दुखणंच पळतं." अगं, मी काय आजवर काठीने आंघोळ घालत होते? पूर्वी चौकातून निघाले तर "शलमतमावशी, शलमतमावशी" करत चार जणी मागे यायच्या. आता मान हलवून सलाम करतात आणि विचारतात, "मावशी, तम्मा कुठे दिसली का?"

विधवा मरई माझ्या शेजारी बसते प्रार्थनेला. ती एकदा म्हणाली, "शलमत, तोंड जरा नीट कर. बिशपांना वाटेल तू उपासात लिंबू चोखतेस."

तरी एक गोष्ट मी पदरात पाडून घेतली होती, निदान मला तसं वाटलं. हदीरा तुझ्यामाझ्यासारख्या घरातली नाही. तिच्या माहेरी देवीच्या तळ्यातले मासे पूजतात, मासा खाणं म्हणजे पाप. सून होऊन आली तेव्हा ताटात मासा दिसला तर उठून जायची. तिच्यासाठी मी किती प्रार्थना केल्या ते देवालाच माहीत, आणि मरईला, कारण मी मोठ्याने करते. एक दिवस तिने गुपचूप माशाचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटून गिळला. त्या दिवशी मी ओळखलं, पोर येणार आपल्यात. मग शिकवण, परीक्षा, उपास, सगळं झालं, आणि यंदाच्या वल्हांडणाला तिचा बाप्तिस्मा ठरला. मी बिशपांकडे गेले. म्हटलं, "बाकी सगळ्या तम्माला द्या. ही एक माझी. माझ्या घरातली आहे, मीच तिला इथवर आणली आहे." त्यांना दया आली. हो म्हणाले.

चार दिवसांनी परत बोलावणं. म्हणाले, "शलमत, सुनेची इच्छा नाही. ती म्हणते, तम्माच हवी."

तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आले. हदीरा जातं ओढत होती.

"मी काय तुला खाणार आहे का?"

"नाही, सासूबाई."

"मग?"

"तुमच्यासमोर नको."

"माझ्यासमोर नको! रोज माझ्यासमोर जेवतेस, ते चालतं?"

"कपडे घालून जेवते," ती म्हणाली, आणि जातं ओढत राहिली.

तोंडाने कमी बोलते, पण बोलली की असं. मी मनात म्हटलं, हिला माझी लाज वाटते. किंवा शिसारी येते, म्हातारीच्या हातांची. त्या वेळी मी तिच्या सगळ्याच गोष्टींवर चिडत होते. जेवताना आम्ही सगळे भिंतीला टेकून बसतो, तर ही मध्ये ताठ बसायची. उशी दिली तरी टेकायची नाही. मी मरईला सांगायची, "बघ, बाप्तिस्म्याआधीच एवढा ताठा."

मलकूचंही सांगितलं पाहिजे. त्याचं नाव मी इतका वेळ टाळते आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तो बरा आहे. बापाची उंटांच्या सामानाची पेढी त्याने चांगली चालवली आहे, त्याचे पट्टे आणि लगाम पार तदमोर शहरापर्यंत जातात. मंडळीत त्याला मान आहे. माझा तो एकच. तुझ्या मांडीवर खेळला आहे, तुला काय सांगायचं?

तर, बाप्तिस्म्याची पहाट. कोंबडा आरवला, बिशपांनी पाण्यावर प्रार्थना केली. मला काम काय दिलं, तर पडद्याबाहेर पांढरी वस्त्रं घेऊन उभं राहायचं आणि आतून हात आला की एक एक द्यायचं. खुंटीला हे काम सांगितलं असतं तरी तिने केलं असतं. एक गेली, दुसरी गेली, आणि हदीराची पाळी आली.

पडद्याला फट होती. मी पाहिलं. लिहायला लाज वाटते, पण पाहिलं, आणि चूक सापडावी म्हणूनच पाहिलं. ज्या पहाटे लोक देवाकडे क्षमा मागतात त्या पहाटे मी तम्माची एक चूक मागत होते.

हदीराचे केस सोडलेले, कमरेच्या खाली आलेले. तम्माने कपाळाला तेल लावलं, कानांना लावलं, गळा, खांदे, छाती, पोट, मांड्या, बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडल्या नाहीत. मानेशी तर शिंग एवढं उपडं केलं की मी मनात म्हटलं, उधळी कुठली, तेल काय हिच्या बापाचं आहे! आणि मग तिने हदीराला पाण्याकडे वळवलं. पाठीवरचे केस उचलले नाहीत. पाठीला हात लावला नाही. पाठ कोरडी! अकमे, खोटं सांगत नाही, मला इतका आनंद झाला की हातातलं वस्त्र खाली पडलं.

दोन दिवस मी गप्प राहिले. विचार करत होते असं म्हणायला हरकत नाही, पण खरं तर चव घेत होते. तिसऱ्या दिवशी बिशपांच्या ओसरीवर सगळ्या विधवा होत्या, मंडळीचे वडीलधारे कारभारी होते, आणि नव्याने बाप्तिस्मा झालेल्या बायका पांढऱ्या वस्त्रांत बसल्या होत्या. मी उठले आणि म्हटलं, "बाबा, हदीराचा बाप्तिस्मा अर्धा आहे. तिच्या पाठीला तेलाचा हात लागलेला नाही. मी पाहिलं."

बिशपांनी विचारलं, "तम्मा, पाठीला हात लावलास?"

"नाही, बाबा."

"का?"

"ते मला सांगता येत नाही."

"विसरलीस?"

"नाही."

"मग?"

"बाबा, पाण्याजवळ जे दिसतं ते तिथेच राहतं. तुम्हीच मला तसं शिकवलंत."

वडीलधाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "हा उद्धटपणा झाला." दुसरा म्हणाला, "बायकांच्या हाती कारभार दिला की असंच व्हायचं." हे मात्र मला आवडलं नाही, पण तेव्हा मी ते गिळलं. बिशपांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, नव्या बायकांनी आठवडाभर घातलेली पांढरी वस्त्रं रविवारी उतरवायची आहेत, त्यानंतर मी निर्णय देईन. पाठीवर तेल नसेल तर हदीराचा विधी पुन्हा करायचा का, ते ठरवू. आणि तम्माचं सेविकापण राहील की नाही, तेही. तोवर तिने तेलाला हात लावायचा नाही.

ते शिंग त्यांनी माझ्या हातात दिलं. इतक्या महिन्यांनी. मी तम्माकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, ती हदीराकडे बघत होती. आणि हदीराने मान खाली घातलेली, ओठ इतके दाबलेले की पांढरे पडले होते. या दोघींमध्ये काहीतरी होतं जे माझं नव्हतं. जिंकूनही माझ्या पोटात दुखायला लागलं.

घरी मलकू मला म्हणाला, "बरं केलंस, आई. ती बाई फार नाक खुपसते घराघरांत. तिला हाकललंच पाहिजे." मुलाने शाबासकी दिली म्हणून मी खूश झाले. पुरुषमाणसाला सेविकेचं एवढं काय पडलं आहे, हा विचार मला शिवला नाही. की शिवला होता? पुढचं वाचून तूच सांग.

रविवारी वस्त्रं उतरली. ती धुवायचं काम विधवांचं. मी आणि मरई गाठोडं घेऊन नदीवर गेलो. एक एक वस्त्र पाण्यात घालत होतो. हदीराचं माझ्या हातात आलं. ओळखलं, कारण शिवण माझीच होती.

पाठीकडच्या बाजूला डाग होते. तेलाचे, आणि तेलाबरोबर उतरलेले पिवळट-तांबूस. आडवे पट्टे. दोन बोटं रुंद, आणि प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही कडांना बारीक ठिपक्यांची ओळ, दुहेरी शिवणीची. अशी दुहेरी शिवण या गावात एकाच पेढीच्या पट्ट्यांवर घालतात. माझ्या नवऱ्याने ती सुरू केली. तो पट्टा मी डोळ्यांनी नाही, पाठीने ओळखते. तुला आठवत असेल, लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा हमामात तू मला विचारलं होतंस आणि मी म्हटलं होतं, अंजिराच्या झाडावरून पडले. तू तेव्हा लहान होतीस. की तुलाही कळलं होतं?

मरईने वस्त्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः घासायला लागली.

आता तू विचारशील, एका घरात राहून तुला कळलं नाही? भिंतीपलीकडून आवाज यायचे. मी म्हणायची, नवराबायकोचं आहे, आपण मध्ये पडू नये. कूस बदलून मोठ्याने स्तोत्र म्हणायची. एवढंच लिहिते. यापेक्षा जास्त माझ्याने लिहवत नाही.

नदीवरून मी तशीच ओल्या पायांनी तम्माच्या खोलीवर गेले. ती भाजी निवडत होती. मला पाहून उठली, बसायला चटई दिली. मी बसले नाही.

"तुला माहीत होतं."

"हो, मावशी."

"कधीपासून?"

"ती थंडीत तापाने आजारी होती, तेव्हा मी तिला आंघोळ घातली होती. बाप्तिस्म्याच्या वेळी जखमा परत ताज्या होत्या. हात लावला असता तर ती ओरडली असती आणि बाहेर सगळं गाव उभं होतं."

"म्हणून पाठ कोरडी ठेवलीस?"

"कोरडी नाही ठेवली. मानेवर ओतलं. केसांखालून आपोआप ओघळलं, पार कमरेपर्यंत. पाठ पूर्ण भिजली होती, मावशी. तुमच्या सुनेच्या बाप्तिस्म्यात काही कमी नाही."

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंस? तुझं सेविकापण जात होतं!"

"सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, हात का नाही लावला."

"आला असता तर आला असता!"

"हदीराने शपथ घातली होती," तम्मा म्हणाली. "दोन माणसांना कळता कामा नये म्हणून. एक बिशप."

"आणि दुसरं?"

ती म्हणाली, "तुम्ही. म्हणूनच तुमच्यापुढे कपडे उतरवायला ती नाही म्हणाली. मला म्हणाली, 'सासूबाईंना तो एकच मुलगा आहे. त्यांनी हे पाहिलं तर त्यांच्याकडे काय उरेल?'"

मग मात्र मी चटईवर बसले.

अकमे, मला वाटायचं ती माझ्या हातांना नाक मुरडते. आणि ती मार खाऊन वर मलाच जपत होती. मला रडू आलं, पण त्यातही, देव मला क्षमा करो, पहिला विचार हाच आला, की हे बोलणं तिने या बाईजवळ केलं. माझ्याबद्दलचं इतकं चांगलं, आणि ऐकायला मिळालं हिला! मी तेल लावायला असते तर... पण मी असते तर ती बोललीच नसती, आणि मी काय केलं असतं तेही मला माहीत नाही. कदाचित केस सारखे करून पाठ झाकली असती आणि मलकूला गुपचूप रागावले असते. तम्माने तेल ओतलं तसं ओतायचं मला सुचलंच नसतं. हे कबूल करताना माझा जीव जातो.

मी हदीराला विचारलं. नुसतं म्हटलं, "वस्त्र मी धुतलं." तिला कळलं. ती म्हणाली, "माफ करा, सासूबाई." तीच मला माफ करा म्हणत होती, बघ.

मलकूला विचारलं. तो आधी हसला, मग चिडला, मग म्हणाला, "बाबा नव्हते का करत? तू तर कधी तक्रार केली नाहीस." खरंच केली नव्हती. त्याने लहानपणी जे पाहिलं त्यात माझं गप्प बसणंही होतंच.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. एक रात्रभर मी त्याची आई होते. सकाळी उठले, ओसरीवर गेले आणि तीच माणसं निर्णय ऐकायला गोळा झाली होती, तिथे त्याच जागी उभी राहिले. शिंग घेऊन गेले होते. म्हटलं, "बाबा, पाठीवर तेल होतं. मीच पाहिलं नाही. हात का लावला नाही, ते माझ्या घरातलं कारण आहे, आणि ते तम्माने नाही, मीच सांगायचं आहे." आणि सांगितलं. मुलाचं नाव घेऊन सांगितलं. त्याआधी हदीराला विचारलं होतं, चालेल का. ती म्हणाली, तुम्ही सांगणार असाल तर चालेल.

ज्या वडीलधाऱ्यांनी तम्माला उद्धट म्हटलं होतं ते जमिनीकडे बघत होते. बिशपांनी मलकूला पंगतीतून बाहेर काढलं आहे. उपासनेत प्रभूची भाकरी मोडताना तो दाराबाहेर उभा राहील, पश्चात्ताप होईपर्यंत. शिंग मी माझ्या हातांनी तम्माला परत दिलं. तिने "मावशी" म्हणून माझे हात धरले. मी सोडवून घेतले. एका दिवसात किती करायचं माणसाने?

मलकू माझ्याशी बोलत नाही. मी वाढते, तो तोंड फिरवून जेवतो. पेढीवरची माणसं म्हणतात, म्हातारीने हात दाखवून अवलक्षण केलं. तो बदलेल का, मला माहीत नाही. मी रोज प्रार्थना करते, आता हळू आवाजात. तोवर हदीरा तिथे नको. तिला विचारलं कुठे जायचं, तर माहेर तिला आता घेणार नाही, तिने मासा खाल्ला आहे. म्हणून तुझ्याकडे. तिच्याजवळ बिशपांचं वेगळं पत्र आहे, ते तुमच्या मंडळीत दाखव, म्हणजे ती कोण, कुठली, कुणी विचारणार नाही. तिला परत यावंसं वाटलं तर येईल. न वाटलं तर तू माझ्यासाठी तिला आग्रह करू नकोस. तिचे हात कापडाला चांगले आहेत, तुझ्या शिवणकामात मदत होईल.

काल निघायच्या आदल्या दिवशी तिच्या पाठीला मलम लावायचं होतं. मी वाटी घेऊन गेले. म्हटलं, "मी लावू?" ती क्षणभर माझ्या हातांकडे पाहत राहिली. म्हणाली, "तम्माला सवय आहे, सासूबाई." मग तम्मा लावत होती आणि मी वाटी धरून बसले होते. पाठ मी पाहिली. या वेळी तिने केस स्वतःच बाजूला घेतले, माझ्यासमोर. एवढं तरी मिळालं. पण तम्माची बोटं फिरत होती तसं हदीराचं अंग सैल होत गेलं, आणि मला ती बोटं मोडावीशी वाटली. अजून वाटतात. प्रार्थनेने हे जात नाही, बघितलं करून.

मध आणि सुकी अंजिरं पाठवली आहेत, मध हदीरासाठी आहे. जखमांना रोज सकाळी मलम लाव. तुझे हात माझ्यासारखेच आहेत, पण कापत नाहीत, म्हणून तिला तुझा लळा लागेल. लागू दे. तिने मला इतकी वर्षं सासूबाई म्हटलं, आणि मी कधी दुसरं काही ऐकण्यासारखं वागले नाही. तुझ्या घरी कधी तिच्या तोंडून तुला "आई" निघालं तर ओ दे, तिला जवळ घे, आणि सगळं कळवत जा मला, तिचं खाणं, झोप, पाठ. फक्त ते एक कळवू नकोस.

तुझी थोरली बहीण,
जिच्या घरात हे झालं ती,
शलमत